फूल होण्याआधीचा उशीर

मराठीत फुलोऱ्याला एकच एक नाव नाही. गव्हाला ओंबी येते, भाताला लोंबी, ज्वारीला कणीस. मक्याला शेंड्यावर तुरा आणि बगलेत कणीस, द्राक्षाला घड, आंब्याला मोहोर, तुळशीला मंजिरी, केळीला केळफूल. फ्लॉवरच्या भाजीला तर नुसताच गड्डा. ज्यांनी ही नावं पाडली त्यांची नजर पक्की होती, हे खरं. वनस्पतिशास्त्राने या सगळ्यांना 'पुष्पबंध' म्हणत एका दावणीला बांधलं, कुंठित (टोक फुलात संपणारे) आणि अकुंठित (टोक वाढत राहणारे) असे दोन गट पाडले, आणि विद्यार्थ्यांना आकृत्या काढायला लावल्या. त्या आकृत्या परीक्षेपुरत्या लक्षात राहतात. हे आकार होतात कसे, ते जनुकांच्या अभ्यासातून उलगडत गेलं तेव्हा त्याच आकृत्यांना अर्थ आला. ओंबी काय, लोंबी काय, घोस काय, सगळीकडे प्रश्न एकच: वाढणाऱ्या टोकाने फूल व्हायचं कधी, आणि तोवर किती वेळ काढायचा?

शेंड्याच्या अगदी टोकाला, कोवळ्या पानांच्या गुंडाळीत, मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाएवढा पेशींचा घुमट असतो. पुस्तकी नाव 'विभज्या'. इथे त्याला वाढबिंदू म्हणू. हा घुमट कडेला पान काढू शकतो, स्वतःसारखा दुसरा घुमट काढू शकतो, किंवा फूल होऊ शकतो. फूल होणं म्हणजे मात्र संपणं. पाकळ्या, पुंकेसर, बीजकोश काढता काढता तो घुमट खर्ची पडतो आणि मागे वाढायला काही उरत नाही. म्हणून फुलोऱ्यात किती फुलं येणार हे एका साध्या हिशेबावर ठरतं. संपण्याआधी टोकाने आपल्यासारखी किती टोकं मागे ठेवली? लवकर फूल झालं तर एकटं फूल. थोडं रेंगाळलं तर घोस. फारच रेंगाळलं तर फांद्यांचं जाळं, आणि फुलाचा पत्ताच नाही.

या रेंगाळण्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: मुरणं. वाढबिंदू मुरत मुरत फुलापर्यंत येतो. त्या मुरण्याचा वेग कमी-जास्त करणारी जनुकं म्हणजेच फुलोऱ्याचा आकार ठरवणारी जनुकं.

हे सगळ्यात स्वच्छ दिसतं टोमॅटोत. मांडवावर चढणाऱ्या वाणाचं रोप घ्या आणि खालून पानं मोजा. साधारण आठ ते बारा पानांनंतर पहिला घोस दिसेल. तो खोडाच्या कडेने फुटल्यासारखा वाटतो, पण ती फसवणूक आहे. घोस हाच खोडाचा खरा शेंडा. खोड तिथे संपलं. लगतच्या पानाच्या बगलेतला डोळा जोमाने वर निघतो, घोसाला बाजूला ढकलतो आणि आपणच खोड असल्याचा आव आणतो. तोही तीन पानं देऊन घोसात संपतो. मग त्याच्या बगलेतला पुढचा. दोन मीटर वाढलेला टोमॅटो म्हणजे अशा तीन-तीन पानांच्या तुकड्यांची साखळी. एकदा हे मोजून पाहिलं की टोमॅटोकडे पूर्वीसारखं पाहता येत नाही.

१९१४ मध्ये फ्लोरिडात एक झाड असं निघालं की त्याची साखळी आखडत गेली. तीनऐवजी दोन पानं, मग एक, शेवटी एकही नाही. दोन घोस लागोपाठ आले आणि वाढ थांबली. 'सेल्फ प्रूनिंग' हे नाव त्यावरूनच पडलं, म्हणजे आपली छाटणी आपणच करणारं. झाड बुटकं, फळं जवळपास एकदम पिकणारी, यंत्राने काढता येणारी. प्रक्रिया उद्योगाचा टोमॅटो आज याच उत्परिवर्तनावर, म्हणजे जनुकात झालेल्या बदलावर, उभा आहे. १९९८ मध्ये ते जनुक हाती लागलं तेव्हा कळलं, की मूळ जनुकाचं काम होतं टोकाला थोपवून धरणं, 'इतक्यात नको' म्हणणं. सोयाबीनमधलं 'डीटी-१' आणि घेवड्यातलं 'फिन' हीदेखील त्याच घराण्यातली. झुडपी घेवडा आणि वेल-घेवडा यांतला मोठा फरक या एका जनुकाच्या शाबूत असण्या-नसण्यात आहे.

'नको' म्हणणारं आहे तसं 'चल' म्हणणारंही आहे. पानात तयार होऊन शेंड्याकडे जाणारा एक संदेश झाडाला फुलायला लावतो, असं सोव्हिएत वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाइल चैलाख्यान यांनी १९३० च्या दशकात मांडलं आणि त्याला 'फ्लोरिजेन' नाव दिलं. तो पदार्थ एक प्रथिन आहे हे सिद्ध व्हायला सत्तर वर्षं लागली. टोमॅटोत ते तयार करणारं जनुक म्हणजे 'सिंगल फ्लॉवर ट्रस'. त्याच्या दोन्ही प्रती निकामी असल्या तर झाड उशिरा फुलतं आणि घोसात एखाद-दुसरं फूल देऊन पुन्हा पानांकडे वळतं. शेतीच्या दृष्टीने टाकाऊ. पण एकच प्रत निकामी असली तर? २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, 'सेल्फ प्रूनिंग' पार्श्वभूमीच्या झाडांत अशा एका निकामी प्रतीने उत्पादन ६० टक्क्यांपर्यंत वाढलं. घाईला जरा लगाम बसला, साखळी आखडायला वेळ लागला, तेवढ्यात चार घोस जास्त आले. जनुक पूर्ण बंद केलं तर नुकसान, अर्धं बंद केलं तर फायदा. हा अर्धेपणा पुढे पुन्हा पुन्हा भेटणार आहे, आणि माझ्या मते या सगळ्या विषयाचं मर्म तेच आहे.

घोसाच्या आतही तीच शिस्त चालते. प्रत्येक टोक फूल होण्याआधी शेजारी एकच नवं टोक ठेवतं, ते आणखी एक ठेवतं, आणि सात ते दहा फुलांची नागमोडी ओळ तयार होते. 'कंपाउंड इन्फ्लोरेसन्स' हे जनुक बिघडलं तर टोक मुरायला वेळ घेतं, एकाऐवजी दोन-तीन टोकं मागे ठेवतं, आणि घोसात शेकड्यांनी फुलं येतात. दुसरं जनुक 'अनांथा' बिघडलं तर टोक फुलापर्यंत पोचतच नाही. टोकावर टोक येत राहून फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा गोळा होतो. नाव ग्रीक मुळावरून आलेलं, अर्थ 'फुलाविना'. मराठी कानाला ते 'अनंत' ऐकू येतं आणि त्या गोळ्याकडे पाहिलं तर तेही चुकीचं वाटत नाही. २००८ मध्ये ही दोन्ही जनुकं ओळखली गेली. पहिलं मुरण्याच्या मधल्या टप्प्यावर काम करतं, दुसरं अगदी शेवटच्या.

आता यातली गोची. फुलं वाढली म्हणजे फळं वाढली असं होत नाही. फार फांद्यांच्या घोसात फुलं गळतात, जी फळं धरतात ती बारीक राहतात. टोमॅटो पैदासकारांनी याचा अनुभव वेगळ्याच वाटेने घेतला. टोमॅटोच्या देठावर मधोमध एक गाठ असते. फळ तिथे तुटतं आणि देठाचा तुकडा फळाला चिकटून राहतो. यंत्राने काढलेल्या फळांच्या ढिगात हे तुकडे शेजारच्या फळांत घुसतात. गालापागोस बेटांवरच्या रानटी टोमॅटोत ही गाठच नसलेलं उत्परिवर्तन सापडलं, 'जॉइंटलेस-२'. पैदासकारांनी ते हौसेने संकरात वापरलं. काही वाणांत उत्तम बसलं, काहींत मात्र घोस वेड्यासारखे फुटले आणि फळधारणा कोसळली. कारण बरीच वर्षं उमगलं नाही. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेच्या गटाने ते दाखवून दिलं. रानटी टोमॅटो माणसाच्या हाताखाली येत असताना लांब निदलांचं, म्हणजे फळावरच्या मोठ्या हिरव्या टोपीचं, एक रूप निवडलं गेलं होतं. त्या निवडीत 'एनहान्सर ऑफ जॉइंटलेस-२' हे भावंड-जनुक आधीच कमजोर झालेलं होतं. दोघं एकमेकांची कामं सांभाळून घेत. एक लंगडं होतं तोवर निभावलं. दुसरं काढून घेतल्यावर टोकं वेळेवर फूल व्हायचं विसरली.

पण तोच बिघाड मोजूनमापून वापरला तर उपयोगी पडतो. दोन्ही जनक 'जॉइंटलेस-२' असलेले घ्यायचे. त्यातल्या एकात दुसरं जनुक कमजोर असावं, दुसऱ्यात शाबूत. त्यांच्या संकरात घोसाला थोड्याच फांद्या येतात, फुलं वाढतात, फळंही धरतात. मात्र हा गुण विषमयुग्मी आहे, म्हणजे जनुकाची एक प्रत कमजोर आणि एक शाबूत असेल तेव्हाच दिसतो, बियाण्यात टिकत नाही. त्या संकराचं बी राखून पुढच्या वर्षी पेरलं तर चौथा हिस्सा झाडं साध्या घोसाची, निम्मी माफक फांद्यांची आणि चौथा हिस्सा नुसत्या फुलांची व वांझोटी निघणार. तक्रार बियाण्याबद्दल होईल; दोष मेंडेलच्या गणिताचा आहे.

अशी झाडं निवडताना दोन चुका हमखास होतात. पहिली, रोपांची संख्या. एका अप्रभावी जनुकाचं, म्हणजे दोन्ही प्रती तशाच असल्या तरच गुण दाखवणाऱ्या जनुकाचं, किमान एक झाड ९५ टक्के खात्रीने दिसायला हवं असेल तर एफ-२ पिढीतली, म्हणजे संकराच्या बियांपासूनची, ११ रोपं लागतात. दोन स्वतंत्र अप्रभावी जनुकं एकाच झाडात एकत्र हवी असतील, म्हणजे सोळात एक, तर ४७. वीस-पंचवीस रोपं लावून 'हा संकर फसला' असा निष्कर्ष काढणं म्हणजे पाऊस न मोजताच दुष्काळ जाहीर करणं. दुसरी चूक जास्त फसवी. रोप लहान असताना १० ते १५ अंशांची थंडी लागली तर साध्या वाणाचाही पहिला घोस दुभंगतो आणि जास्त फुलं देतो. थंडीत पानं निघणं आणि टोक मुरणं यांचा मेळ चुकतो. म्हणून पहिल्या घोसावरून झाड निवडू नये. दुसरा, तिसरा, चौथा घोस पाहावा, आणि शेजारी त्याच दिवशी लावलेली जनक वाणाची रोपं असावीत. सगळेच दुभंगले तर ते हवामान. एकटं झाड प्रत्येक घोसात दुभंगत असेल तर त्याचं बी वेगळं ठेवावं.

फ्लॉवरचा गड्डा म्हणजे अडकलेलं मुरणं. मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या लहानशा तणात दोन जुळी जनुकं एकदम निकामी केली की तसाच बारीक गड्डा येतो, हे १९९५ पर्यंत स्पष्ट झालं होतं. २०२१ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आलेल्या कामाने त्याचं कारण खोलात मांडलं. गड्ड्यातलं प्रत्येक टोक फूल व्हायचा प्रयत्न करतं, फसतं, पण मागे जाऊन पानांचं खोडही होत नाही. तो क्षणभराचा प्रयत्न त्याच्या 'आठवणीत' राहतो, त्यामुळे ते मध्ये पान न वाढवता नुसती नवी टोकं काढत सुटतं, आणि तीही तशीच फसतात. नव्या टोकांमधला वेळ सारखा राहिला तर गोल गड्डा, तो कमी कमी होत गेला तर रोमनेस्को या फ्लॉवरच्या हिरव्या भावंडाचे टोकदार शंकू. भाजीतले नेहमीचे दोन दोषही यातून समजतात. हवामान वाणाला मानवलं नाही की गड्डा रवाळ होतो. टोकं नको तितकी पुढे सरकून कळ्या धरू लागलेली असतात. उष्णता जास्त झाली की गड्ड्यातून हिरव्या पानांची टोकं डोकावतात. इथे ती मागे सरकलेली असतात. चांगला गड्डा म्हणजे या दोन्हींच्या मध्ये अडकून राहिलेलं झाड.

धान्यांत फुलाऐवजी कणिशक मोजायचं, म्हणजे तुसांच्या आवरणातला फुलांचा बारका गुच्छ. भाताची लोंबी निसवण्याच्या, म्हणजे बाहेर पडण्याच्या, सुमारे ३० दिवस आधी बुडाशी सुरू झालेली असते. पोटरीत, म्हणजे फुगलेल्या शेवटच्या पानाच्या आवरणात, ती दिसते तोवर फांद्यांचा हिशेब कधीच संपलेला असतो. त्या हिशेबात सायटोकायनिन या संप्रेरकाला फार वजन आहे. ते मोडून टाकणारं एक विकर (एन्झाइम) बनवणारं जनुक, 'जीएन-१ए', २००५ मध्ये कोशिहिकारी आणि हाबाताकी या दोन वाणांच्या संकरातून सापडलं. हाबाताकीत ते मंद आहे, संप्रेरक टोकात साठून राहतं, टोक जास्त काळ जागं राहतं आणि लोंबीत दाणे वाढतात. २०१० मध्ये 'आयपीए-१' आलं. डीएनएच्या एका अक्षराच्या बदलाने खोड जाड, लोंबी भरगच्च, पण फुटवे कमी. एका हाताने दिलं, दुसऱ्या हाताने काढून घेतलं. २०२२ मध्ये त्याच्या नियंत्रण-भागातली नेमकी ५४ अक्षरं वगळून पाहिली तेव्हा ही देवघेव तुटली. लोंबीही मोठी राहिली आणि फुटवेही घटले नाहीत. जनुकापेक्षा त्याच्या आजूबाजूच्या मजकुरात हात घालणं शहाणपणाचं ठरतं, ते यामुळेच.

'फ्रिझी पॅनिकल' हे तिसरं जनुक मला सगळ्यात बोलकं वाटतं. भातात ते टोकाला सांगतं, की आता फांद्या पुरे, कणिशक हो. ते पूर्ण गेलं तर लोंबीच्या जागी फांद्यांची झिपरी उरते, दाणा नाही. पण काही वाणांत त्याच्या अलीकडच्या भागात १८ अक्षरांचा एक तुकडा दोनदा आलेला आहे. त्याने जनुकाचा आवाज फक्त थोडा खाली येतो. दाणे किंचित बारीक होतात, पण संख्या इतकी वाढते की उत्पादन वर जातं. गव्हात याचंच भावंड बिघडलेला एक जुना प्रकार आहे, 'चमत्कारी गहू', ज्याच्या ओंबीला बाजूने ओंब्या फुटतात. पाहणाऱ्याला वाटतं की धान्याची समस्या सुटली. प्रत्यक्षात दाणे बारीक राहतात आणि कितीतरी फुलं वांझ जातात, कारण ओंबीला फांद्या फुटल्या तरी तिला अन्न पुरवणारं खोड तेवढंच असतं.

म्हणूनच लोंबीतले दाणे नुसते मोजू नयेत, भरलेले मोजावेत. पक्व लोंबीचे सगळे दाणे काढून १.०६ विशिष्ट गुरुत्वाच्या मिठाच्या पाण्यात टाकायचे. बुडले ते भरलेले, तरंगले ते पोचट. पोचट बहुतेक खालच्या, दुय्यम फांद्यांवरचे निघतात. ती फुलं उशिरा उमलतात आणि अन्नाच्या रांगेत मागे राहतात. मोठ्या लोंबीचा वाण निवडताना ही एक चाचणी गाळली तर निवड कागदावरच चांगली दिसते.

मक्याचं कणीस आडवं मोडून ओळी मोजल्या तर संख्या जवळजवळ नेहमीच सम येते, कारण कणिशकं जोडीने जन्मतात. 'फॅशिएटेड इअर-२' या जनुकाचा मोठा बिघाड कणसाचं टोक चपटं, पसरट आणि ओळी विस्कटलेल्या करून टाकतो; त्याचीच सौम्य रूपं टोक जरासंच रुंद करतात आणि ओळी वाढवतात. पुन्हा तोच अर्धेपणा.

हे सगळं पुस्तकातून वाचण्यापेक्षा डोळ्याने पाहणं अवघड नाही, आणि त्यासाठी गहू सगळ्यात सोयीचा. चार-सहा पानांवर आलेली पाच रोपं मुळासकट उपटा. फक्त मुख्य खोड घ्या. फुटवे मागे असतात आणि दिशाभूल करतात. बाहेरून एकेक पान बुडापर्यंत सोलत जा. शेवटची दोन-तीन पानं नुसत्या नजरेने दिसेनाशी होतात, तिथे २० ते ४० पट मोठं दाखवणारा द्विनेत्री सूक्ष्मदर्शक आणि बारीक सुई लागते. सुई टोकाकडून बुडाकडे नेऊ नका, शेंडा मोडतो. बुडाशी पान कापून बाजूला उलगडा. दिव्याच्या उष्णतेने टोक मिनिटभरात सुकून पिवळं पडतं, म्हणून पाण्याचा थेंब ठेवा आणि दिवा पाहतानाच लावा. नुसता चकचकीत घुमट आणि खाली एकेरी कडा दिसल्या तर झाड अजून पानं काढतंय. कडा दुहेरी झाल्या की ओंबी सुरू झाली: खालची कड म्हणजे दाबून टाकलेलं पान, वरची कड म्हणजे कणिशक. पुढे ओंबी काही मिलिमीटरांची झाली आणि खोड उंचावायला लागलं, की शेवटचं कणिशक बसतं आणि संख्या कायमची गोठते. नत्राचा हप्ता यानंतर दिला तर कणिशकांची संख्या एकानेही वाढणार नाही. प्रत्येक कणिशकात आठ-दहा फुलं सुरू होतात आणि दाणे तीन-चारांतच भरतात. उशिराचा हप्ता वाचवतो तो या मरणाऱ्या फुलांपैकी काहींना.

बार्लीचा हिशेब वेगळा. तिच्या कण्याच्या प्रत्येक पेऱ्यावर तीन कणिशकं बसतात. 'व्हीआरएस-१' जनुक शाबूत असेल तर कडेची दोन दाबली जातात आणि दोन ओळींची बार्ली मिळते. ते बिघडलं की तिन्ही भरतात आणि सहा ओळी होतात, कडेचे दाणे जरा वाकडे राहतात. हे जनुक २००७ मध्ये सापडलं. गव्हातलं त्याचं भावंड प्रत्येक कणिशकात किती फुलं जगतील यावर हात ठेवून असतं.

पक्व गव्हाची आणि बार्लीची ओंबी शेजारी ठेवून फक्त शेंडे पाहा. गव्हाच्या शेंड्याचं कणिशक बाकीच्यांशी काटकोनात, आडवं बसलेलं असतं. टोकाने तिथे थांबायचं ठरवलं आणि तेच कणिशक झालं. बार्लीच्या टोकाला थांबायचं माहीत नसतं. ते कणिशकं काढत राहतं, आणि ओंबी बाहेर यायच्या आधीच वरची तिसरा हिस्सा ते निम्मी मरून जातात. भिंगाखाली शेंड्याशी पाहिलं तर त्यांचे पांढरट, कागदासारखे वाळके तुकडे अजून चिकटलेले दिसतात.